ढोके बाई आणि बाहेरची भिंत

छिंदवाड्याच्या शिक्षण दफ्तरात बडे बाबूंनी ढोके बाईंना विचारलं, "मैडम, रोमानिया में आपका कौन है?"

"कोई नहीं."

"फिर क्यों जाना है?"

"इसीलिए."

हा किस्सा बाईंनी सौसरच्या शाळेत, स्टाफरूममध्ये डबा उघडता उघडता सांगितला, तेव्हा सगळे हसले. मी हसले नाही. मी त्याच शाळेतली एक तरुण मास्तरीण होते, आणि अशा बाबूंवर हसायचं नसतं, त्यांच्याविरुद्ध पत्रक काढायचं असतं, असं माझं ठाम मत होतं. पांढुर्ण्याला माझ्या वडिलांचा छापखाना होता. लग्नपत्रिका छापून ते घर चालवायचे आणि उरलेल्या कागदावर चळवळीची पत्रकं छापायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. ‘कमळ’ लिहिता येण्याआधी मला ‘जाहीर निषेध’ लिहिता येत होतं.

कौसल्या ढोके आमच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. पन्नाशीला आलेल्या, ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. लग्न केलं नव्हतं. अंगावर सोन्याचा मणी नव्हता. गळ्यात होती ती चष्म्याची काळी दोरी. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. नागपूरला दीक्षा घ्यायला ते कापसाच्याच ट्रकवर बसून गेले, तेव्हा कौसल्या त्यांच्यासोबत होती. "तो माझा पहिला प्रवास," बाई म्हणायच्या. "बसाले जागा नव्हती, खायाले भाकर नव्हती, आन् वापस आलो त सगळं गाव बदललेलं. गाव तेच होतं, आमी बदललो होतो. तेव्हापासून मले वाटते का प्रवास असाच असते."

गावात त्यांना ‘विलायतवाली बाई’ म्हणत. पण विलायतेला त्या कधी गेल्याच नाहीत. लंडन नाही, पॅरिस नाही, स्वित्झर्लंड तर नाहीच. पोलंडमधल्या एका खेड्यात बाया घराच्या भिंतींवर, विहिरीवर, कुत्र्याच्या खोपटावरसुद्धा फुलं रंगवतात, तिथे त्या गेल्या. बल्गेरियाच्या डोंगरात म्हाताऱ्या बाया एकमेकींना चिकटून उभ्या राहून गातात आणि त्यांचे सूर मुद्दाम एकमेकांवर घासतात, ते ऐकायला गेल्या. स्लोव्हाकियात खिळा न वापरता बांधलेली लाकडी ख्रिस्ती देवळं पाहून आल्या. नकाशावर ही गावं दाखवताना त्यांची पट्टी नेहमी रिकाम्या जागेवर टेकायची. मुली विचारायच्या, "बाई, इथं त काहीच लिहिलं नाही?"

"म्हणूनच तिथं स्वस्त आहे," बाई म्हणायच्या.

स्वस्त प्रवास ही त्यांची विद्या होती. मॉस्कोवरून जाणारं सर्वांत स्वस्त विमान घ्यायचं. रात्री शक्यतो रेल्वेत काढायच्या, म्हणजे खोलीचं भाडं वाचतं. सोबत डाळ्याचं पीठ, लसणाची चटणी आणि नागपूरच्या जुन्या कपड्यांच्या बाजारातून घेतलेला, घोट्यापर्यंत येणारा पुरुषी ओव्हरकोट. त्याच्या आत नऊवारी. पायात पीटीच्या मास्तरांचे असतात तसे कॅनव्हासचे बूट. मुक्कामाला पत्रमैत्रिणी. बाईंनी वर्षानुवर्षं पोस्टाच्या तिकिटांवर पगार उडवून जगातल्या कुठल्या कुठल्या शाळांतल्या मास्तरणींशी ओळख केली होती. मोडक्या इंग्रजीत दोघी एकमेकींना आपल्या गावचं हवामान कळवायच्या.

"मोठ्या शहरात का नाही जात?" मी एकदा विचारलं.

"ज्या गावाले पाहुण्याची सवय नाही, तिथंच पाहुणचार असते."

कुठल्याही नव्या गावात पोचल्यावर त्या आधी पाणवठा शोधायच्या. विहीर, नळ, कारंजं, जे असेल ते. तिथे गाठोडं टेकवून बसायच्या आणि कोण येतं, कोण आधी भरतं, कोण बाजूला थांबतं ते बघायच्या. मग स्वतः ओंजळ धरायच्या. कोणी तरी पाणी ओतायचंच. "आपल्याले तिथं कोणी जात पुसत नाही," एकदा मला म्हणाल्या. "पण मी पाहूनच घेते. बाजूले कोणी उभं आहे का, ते पाहून घेते. असते, पोरी. बऱ्याच ठिकाणी कोणी ना कोणी असते. बल्गेरियात जिप्सी होते."

आमचं पहिलं भांडण झालं ते यावरूनच. मी म्हटलं, "इथं जवळच्या रामाकोना गावातल्या बायकांना उन्हाळ्यात कुठून कुठून पाणी आणावं लागतं आणि तुम्ही तिकडचे पाणवठे बघत फिरता. ही चैन आहे, बाई." मी आणखी बरंच बोलले. ‘मध्यमवर्गीय पलायनवाद’ हा शब्द नक्की वापरला, कारण तेव्हा मी तो सगळ्यांनाच वापरत होते.

बाईंनी पोळीचा घास संपवला. "झालं?"

"हो."

"रामाकोन्याले तू कधी गेली होती?"

मी गेले नव्हते. पुढच्या रविवारी बाई मला नॅरोगेजच्या छोट्या रेल्वेगाडीनं रामाकोन्याला घेऊन गेल्या आणि तिथल्या विहिरीपाशी बसवून ठेवलं. "बोलू नको. नुसतं पाह्य," एवढंच म्हणाल्या. परत येताना मी ठरवलं की विचार तेच राहतील, पण माणसं बघूनच लिहायचं. बाईंना हे मी सांगितलं नाही. त्यांना ते कळलं असावं, कारण स्टेशनवर त्यांनी मला स्वतःहून भजी खाऊ घातली.

मी चळवळीतल्या घरची, त्यामुळे समाजवादी देशांबद्दल मला फार उत्सुकता. बाई परतल्या की मी त्यांना गाठायचे. "बाई, खरं सांगा, समाजवाद कसा आहे?"

"रांग लय लांब आहे."

"आणि?"

"पुस्तकं स्वस्त आहे. पोट्टे शाळेत जातेत. बाया ट्रॅक्टर चालवतेत. आन् मोठ्यानं कोणी बोलत नाही."

"पत्रकात हे नाही."

"मंग तू टाक," बाई म्हणाल्या.

बाईंचा सगळ्यात गाजलेला किस्सा मात्र अनवाणी पायांचा. गिरिजाबाई, आमची चपराशीण, तो दर नव्या मास्तरणीला सांगायची आणि बाई समोर बसून तिच्या चुका दुरुस्त करायच्या.

बाई पहिल्या फेरीत स्लोव्हाकियातल्या एका लाकडी देवळापाशी पोचल्या. रविवार होता, आत प्रार्थना चालू होती. बाईंनी सवयीनं दाराबाहेर बूट काढले आणि आत जाऊन मागच्या बाकावर बसल्या. बाहेर आल्या तर बूट गायब. गरिबांसाठी कोणी दान ठेवलंय असं समजून देवळाची झाडलोट करणाऱ्या म्हातारीनं ते आत कुठे तरी ठेवून दिले होते आणि ती घरी निघून गेली होती. एप्रिल महिना, रस्त्याकडेला अजून बर्फ. बाई अनवाणीच चालत गावाकडे निघाल्या. नऊवारी, ओव्हरकोट आणि उघडे पाय. गावातल्या बायांनी दारातून बघितलं आणि त्यांची खात्री झाली की ही दुरून आलेली यात्रेकरू आहे, हिचा काही तरी नवस आहे.

"मंग काय वो, गर्दी झाली ना," गिरिजाबाई सांगायची. "कोणी पाव आणून देऊन राहिलं, कोणी सूप. एक बुढी त पायाच पडली."

"पाया नाही पडली," बाई म्हणायच्या. "पायाले हात लावून थंडे किती आहे ते पाहिलं."

"तेच ते!"

"तेच कसं? मी तिले सांगून राहिली, माय, नवस नाही, बूट हरवले. पण भाषा कोणाले येते? मी पायाकडं बोट दाखवलं त त्यायनं छातीवर क्रूस काढला."

शेवटी लोकरीचे जाड मोजे मिळाले, मुक्काम मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी बूटही मिळाले. पण ते घातल्यावर गावाचा चेहरा पडला, म्हणून गाव संपेपर्यंत बाई ते हातात घेऊन चालल्या.

यावर आमचे संस्कृतचे देशमुख सर हटकून पेटायचे. ते दर शनिवारी सायकलनं जामसांवलीच्या हनुमानाला जायचे. "अहो ढोके मॅडम, जामसांवली हाकेच्या अंतरावर आहे. तिथं एक दिवस येत नाही तुमी, आन् तिकडं बर्फात अनवाणी यात्रा करता!"

"सर, तिकडं मले बोलावलं नव्हतं, तरी आत बसू दिलं. आमच्या आईले इकडच्या एका देवळात बोलावलंबी नाही आन् बसूबी नाही दिलं."

सरांनी आपला डबा पुढे ओढला. मग त्यातला संत्र्याच्या बर्फीचा तुकडा बाईंच्या झाकणात ठेवत म्हणाले, "हा प्रसाद नाही. घरची आहे. खा." बाईंनी खाल्ला. त्या दोघांचं असं चालायचं.

रोमानियाचं वेड एलेनामुळे. ती तिथल्या उत्तरेकडच्या एका खेड्यातली गणिताची मास्तरीण. तिनं एक रंगीत चित्र पाठवलं होतं. डोंगराच्या पायथ्याशी छोटंसं देऊळ, आणि त्याच्या बाहेरच्या भिंती, जोत्यापासून छपरापर्यंत, माणसांच्या चित्रांनी भरलेल्या. निळ्या रंगावर शेकडो माणसं. बाईंनी ते वर्गात नकाशाशेजारी लावलं होतं. मुली तोंड धुवायला जाता-येता जवळ थांबून बघायच्या.

"बाई, बाहेरून काऊन रंगवलं?"

"तेच पाहाले जायचं आहे," बाई म्हणायच्या.

त्याच सुमाराला बाई दरवाजाच्या चौकटीला धडकू लागल्या. आधी आम्हाला वाटलं, घाईत असतात. मग एक दिवस फळ्यावर लिहिताना फळा संपला आणि बाई भिंतीवर लिहीत राहिल्या. मुली हसल्या नाहीत, हे मला अजून आठवतं. नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उशीर झाला होता. कडेचं दिसणं गेलं होतं, मधलं उरलं होतं, तेही आकसत जाणार होतं. थेंब घाला, म्हणाले, पण गेलेलं परत येणार नाही.

बाई नागपूरहून आल्या त्या थेट शाळेत. स्टाफरूममध्ये बसून हाताची मूठ पोकळ करून डोळ्याला लावली आणि त्यातून आम्हाला एकेकाला बघितलं. "असं दिसते आता. देशमुख सर पूर्ण मावत नाही."

सरांनी पोट आत घेतलं. बाई हसल्या. मग म्हणाल्या, "ह्या सुट्टीत भिंत पाहून येतो. पुढच्या सुट्टीचा भरवसा नाही."

सरकारी नोकराला परदेशी जायला परवानगी लागायची. आधीच्या फेऱ्यांना एका भल्या अधिकाऱ्यानं ती दिली होती. आता माणूस बदलला होता. ‘इसीलिए’ हे उत्तर बडे बाबूंना आवडलं नव्हतं. एकटी बाई, नातं ना गोतं, त्यातून कम्युनिस्ट देश. बाई दर पंधरवड्याला छिंदवाड्याला जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या.

"काय म्हणाले?" आम्ही विचारायचो.

"केस ऊपर गई है."

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि संपली. केस वरच होती. पावसाळ्यात बाई गिरिजाबाईच्या खांद्यावर हात ठेवून वर्गात जायला लागल्या. चित्राजवळ त्या आता नाक टेकवून उभ्या राहायच्या.

मी पेटून उठले. एका बैठकीत पत्रक लिहिलं. एका दलित शिक्षिकेचा छळ, नोकरशाहीची मग्रुरी, स्त्रीच्या संचारस्वातंत्र्यावर घाला, सगळं त्यात होतं. वडील म्हणाले, कागद आहे, शाई आहे, सांग तेव्हा छापतो. मी आधी बाईंकडे घेऊन गेले. बाईंनी कागद डोळ्यासमोर अगदी जवळ धरून, एकेक ओळ ओलांडत, शेवटपर्यंत वाचला.

"चांगलं लिहिलं. पण यात भिंत कुठी आहे?"

"भिंत?"

"मले जी पाहाची आहे ते. एकदाबी नाव नाही."

"बाई, हा तुमच्या एकटीचा प्रश्न नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे. आपण लढलं पाहिजे."

"हाव, लढ ना. तू लढ, मी दस्तखत करतो. लढाई बरोबर आहे. पण ते किती वर्षं चालन?" त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "मले घाई आहे."

आठवड्याभरात बाईंनी राजीनामा दिला. पेन्शन पुरी व्हायला अजून वर्षं होती. देशमुख सर रागावले, मी रागावले, गिरिजाबाई रडली. बाईंच्या भावानं येऊन सांगितलं की म्हातारपणी कोण बघणार. बाई म्हणाल्या, "पाहणाऱ्याचाच त प्रश्न आहे ना, भाऊ. माझे डोळे आहे तवर मी पाहतो, मंग तू पाहजो." भावाला हसू आलं आणि तिथे तो हरला. राजीनामा मात्र झटपट मंजूर झाला. दफ्तराला एवढ्या वेगानं काम करता येतं हे मला तेव्हा कळलं. नोकरीच उरली नाही तेव्हा परवानगीचाही प्रश्न उरला नाही.

पत्रक मी छापलंच, बाईंच्या सहीसह. एक वाक्य वाढवलं होतं. भिंतीचं.

बाई शरद ऋतूत गेल्या आणि थंडी सुरू होता होता परत आल्या. त्यांच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. गिरिजाबाईनं चहा केला. बाई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या.

तिकडे अवस्था वाईट होती. दुकानं रिकामी, संध्याकाळी गावं अंधारात. परदेशी माणसाला घरी ठेवायला बंदी, म्हणून एलेनानं गावाबाहेरच्या सरकारी विश्रामगृहात सोय केली होती आणि रोज सकाळी बसनं येऊन ती बाईंना हाताला धरून न्यायची. त्यासाठी तिला कोणाकोणाला जबाब द्यावा लागला, ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. सोबत ती उकडलेले बटाटे आणायची. बाई डाळ्याचं पीठ काढायच्या. "तिच्या घरी बटाटेच होते, हे मले उशिरा समजलं," बाई म्हणाल्या. "मंग मी पीठ सगळं तिलेच देऊन आली. चटणीबी. चटणीनं रडली ते."

"भिंत दिसली का वो?" गिरिजाबाईला धीर धरवेना.

"एकदम नाही दिसली." बाईंनी पुन्हा पोकळ मूठ डोळ्याला लावली. "एवढी दिसे. एक चेहरा, त्याच्या बाजूचा हात. मान फिरवली का दुसरा चेहरा. तिथं एक राखणदारीण होती, बुढी, खुर्चीवर बसून मोजे विणणारी. पहिले तिले वाटलं, मी भिंतीले हात लावून राहिली. मंग तिच्या ध्यानात आलं. तिनं आपली खुर्ची आणून मले दिली. मी एवढा तुकडा पाहो, का ते खुर्ची सरकवे. मी तुकडा पाहो, ते सरकवे. दुसऱ्या दिवशी तशीच, तिसऱ्या दिवशी तशीच. विणकाम राहिलं तिचं."

मग बाईंनी भिंत सांगितली. पश्चिमेकडच्या भिंतीवर ख्रिस्ती लोकांचा शेवटच्या न्यायाचा दिवस होता. आगीची नदी, तिच्यात राजे, मोठमोठ्या टोप्यांचे श्रीमंत. खाली एका कोपऱ्यात जनावरं. वाघ, सिंह, आणि कधी हत्ती न पाहिलेल्या माणसानं काढलेला हत्ती. प्रत्येकाच्या तोंडात माणसाचा एकेक अवयव. ज्यानं ज्याला खाल्लं असेल ते त्या दिवशी परत आणून द्यायचं. "आन् एक हरिण होतं. त्याच्या तोंडात काहीच नाही. सगळ्यांत मागं उभं, पण ऐटीत. त्यानं कोणाले खाल्लं नाही."

देशमुख सर म्हणाले, "वा!"

मी विचारलं, "पण बाहेर का रंगवलं? कळलं?"

"कळलं. आत जागा थोडी. मोठे लोकं आत. खेड्यातले, सैन्यातले बाहेर उभे राहत. त्यायच्यासाठी भिंत."

मी ताडकन म्हटलं, "म्हणजे तिथंही तेच! बाहेरच्यांना बाहेरच ठेवलं आणि वर चित्रं काढून दिली!"

"मी एलेनाले हेच म्हटलं. तुझ्यासारखीच तडकली मी. तिनं माझा हात धरला. मले आत घेऊन गेली. आत, पोरी, शेकडो वर्षांच्या मेणबत्त्यांचा धूर. चित्रं काळी पडलेली. बुढीनं दिवा धरला तरी मले काही दिसलं नाही, आन् एलेना म्हणे, तिलेबी धड नाही दिसलं. बाहेर आलो. पाऊस खाल्लेली, बर्फ खाल्लेली भिंत. निळीशार." त्या थांबल्या. "तुझा राग बरोबर आहे. तो ठेव. पण रंग कुठचा टिकला ते मी डोळ्यानं पाहून आली."

गिरिजाबाईनं थंड झालेला चहा उचलला आणि पुन्हा गरम करायला नेला.

पुढे माझी पांढुर्ण्याला बदली झाली. बाईंची नजर पुढच्या वर्षा-दोन वर्षांत पूर्ण गेली. शेवटचं त्यांना पाहिलं ते सौसरच्या बसस्टँडवर. रामाकोन्याच्या शाळेत त्यांची एक जुनी विद्यार्थिनी शिकवत होती. तिथल्या मुलींना भिंतीची गोष्ट सांगायला तिनं बाईंना बोलावलं होतं. मी सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाल्या. कंडक्टरच्या हाताला धरून त्या बसमध्ये चढल्या आणि सीटांच्या पाठी चाचपत खिडकीशी बसलेल्या एका तरुणापाशी थांबल्या.

"बापू, खिडकी देतं का मले?"

तो त्यांच्याकडे बघत राहिला. "मावशी, तुमाले त दिसत नाही. खिडकी कायले पाहिजे?"

"मले दिसत नाही म्हणून गावं यायची थांबते का?"

तो ओशाळून उठला. बाई बसल्या, पदर सारखा केला आणि बस सुटायच्या आधीच तोंड बाहेर वळवलं.